जालन्याच्या गाडीतली ओटी

सरजाबाई देवगाव फाट्यावर शेंगा विकायची. एसटीची गाडी थांबली की टोपली कमरेवर घेऊन खिडक्यांखालून ‘गरम शेंगाऽ’ करत जायची, गाडी हलली की पुन्हा लिंबाखाली येऊन बसायची. नवरा सटवाजी रस्त्याच्या कामावर बिगारी होता. मोजकं बोलायचा, पण बायकोवर त्याचा जीव होता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. गावात कुणाची ओटी भरायची असली की सरजाबाईला बोलावणं येत नसे, आणि चुकून आलंच तर तीच काहीतरी कारण काढून घरी राहायची. याबद्दल तिनं कधी कुणाजवळ तोंड उघडलं नाही.

लिंबासमोर आश्रुबाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार पत्रे, एक भट्टी आणि दोन बाकडी. मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी आश्रुबानं पालमकडच्या कौसाशी लग्न केलं. कौसाची आई ती लहान असतानाच गेली होती. मामानं वाढवलं, मामानंच लग्न लावून दिलं आणि तिथून हात झटकले. पोरगी मात्र कामसू. गाडी आली की दोन्ही हातांत चहाचे ग्लास धरून खिडक्यांशी धावायची. पुढं माघात तिला सातवा महिना लागला तरी धावणं चालूच होतं.

एक दिवस सरजाबाईनं तिला हाताला धरून लिंबाखाली बसवलं.

“पालमहून काही सांगावा?”

“मामाला पत्र टाकलं होतं, मावशी. ज्वारी काढायलेत म्हणं. यायला जमत न्हाई.” कौसा पदरानं घाम पुसत हसली. “आन् माझं डोहाळजेवण कशाला पाहिजे? कोण करणार हाय?”

ती हसून म्हणाली खरी, पण सरजाबाईच्या काळजात ते रुतलं.

“मी करते की,” तिच्या तोंडून निघून गेलं. मग मागं फिरायचं नाही म्हणून तिनं लगेच विचारलं, “काय खावं वाटायलंय, सांग.”

कौसानं थोडा वेळ विचार केला. “खायचं काही न्हाई. गाडीत बसावं वाटायलंय. खिडकीजवळ. कुठं जायचं न्हाई, नुसतं बसायचं.”

दिवसभर ज्या गाड्यांच्या खिडक्यांतून ती चहा द्यायची, त्यातल्या एकीतही ती लग्नाच्या दिवसानंतर बसली नव्हती.

त्या दिवसापासून सरजाबाई उतारूंनी फेकलेली तिकिटं वेचायला लागली. गुलाबी, पिवळी, हिरवी, निळसर. इतकी वर्षं ती पायाखालून जात होती, पण तिनं कधी नीट पाहिली नव्हती. घरी नेऊन ती तिकिटं ओल्या फडक्यानं पुसायची, पाटाखाली दाबून सपाट करायची. कणकेची खळ शिजवली. एकेका तिकिटाला बारीक चुण्या घालून, मधोमध दोऱ्यानं आवळून फुलं केली. पहिली दहा-बारा फुलं चिपाड झाली. तेराव्याला मात्र तिचं तिलाच हसू आलं, इतकं ते झेंडूसारखं दिसत होतं. शेंगांची टरफलं हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवली आणि फुलाआड एक टरफल ओवत तोरण केलं. वेणी, बाजूबंद, कमरपट्टा, सगळं कागदाचंच. सटवाजी संध्याकाळी दमून यायचा, तिच्या शेजारी बसून मुकाट्यानं दोरा ओवून द्यायचा.

राहिली होती गाडी. पाथरीहून सेलूमार्गे जालन्याला जाणारी दुपारची गाडी फाट्यावर पंधरा मिनिटं थांबायची. तिचे कंडक्टर माणिकराव चहा पीत असताना सरजाबाईनं त्यांना गाठून कौसाची हौस सांगितली.

“सरकारी गाडी हाय, मावशी,” माणिकराव म्हणाले. “सजवायची कशी? उद्या कुणी तक्रार केली तर?”

“खिळा ठोकणार न्हाई, काही चिकटवणार न्हाई. नुसतं दोऱ्यानं बांधते आन् तुमी घंटी द्यायच्या आत सोडते. तुमी काय कौसाच्या हातचा चहा आज पिऊ लागलात का?”

माणिकरावांनी हातातल्या ग्लासाकडं पाहिलं. “शुक्रवारी करा,” ते म्हणाले. “शुक्रवारी गर्दी कमी असती.”

ओटी भरण्यासाठी सरजाबाईनं गावातल्या धुरपताबाईला सांगून ठेवलं. धुरपताबाईला चार लेकरं, भरलं घर. सजवायचं काम आपलं, जेवणाचं आपलं, ओटी मात्र तिनं भरायची, असं सरजाबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. आपला हात लागून पोरीचं काही वाईट झालं तर, ही भीती तिनं सटवाजीलासुद्धा सांगितली नव्हती.

शुक्रवारी गाडी वेळेच्या दहा मिनिटं आधीच आली. सरजाबाई तोरणं घेऊन चढली आणि पुढच्या तीन खिडक्यांना भराभर बांधत सुटली. उतारू आधी बघत राहिले. कळल्यावर एक म्हातारा स्वतः उठला, त्यानं खिडकीची जागा दिली आणि तोरणाचं एक टोक धरून उभा राहिला. आश्रुबा कौसाला हाताला धरून घेऊन आला. हिरवं लुगडं, डोक्यात गुलाबी तिकिटांची वेणी. ती खिडकीशी टेकून बसली. बाहेर तिचं स्वतःचंच हॉटेल दिसत होतं.

“मावशी, इथून भट्टी किती लहान दिसायलीय!” ती म्हणाली.

धुरपताबाईचा मात्र पत्ता नव्हता. गावाकडचा रस्ता रिकामाच होता. डायवर चहा संपवून गाडीकडं यायला लागला.

सरजाबाईनं गाडीतच नजर फिरवली. शेजारच्या बाकावर एक बाई मांडीवर तान्हं घेऊन बसली होती. सरजाबाईनं गहू, खण आणि नारळाचं ताट तिच्यापुढं केलं. “बाई, एवढी ओटी भरा हिची.”

बाईनं तान्हं शेजारणीकडं दिलं, कपाळावर पदर सारखा केला आणि मग थांबली.

“भरते की. पण आधी पोरीच्या मायला भरू द्या. माय कोण हाय हिची?”

कौसाला आई नाही हे आश्रुबाला ठाऊक होतं, माणिकरावांना ठाऊक होतं, पण त्या परगावच्या बाईला काय ठाऊक असणार? माणिकराव खाकरले.

“ह्याच की,” ते सरजाबाईकडं बोट करून म्हणाले.

सरजाबाई ‘न्हाई’ म्हणणार होती. कौसानं तिच्याआधीच पदर पसरला होता. तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ती वर बघत होती.

सरजाबाईनं ओंजळ भरून घेतली. थोडे गहू बाकावर सांडले. पाच वेळा तिनं ओटी भरली आणि खाली वाकून कौसाच्या कानात म्हणाली, “सुखानं सूट, माझे बाई.”

मग त्या परगावच्या बाईनं भरली. मागून एकीनं पिशवीतली बोरं टाकली, दुसरीनं हरभऱ्याच्या घाट्यांची जुडी दिली, म्हाताऱ्यानं धोतराच्या सोग्यातला गुळाचा खडा पुढं केला. माणिकरावांनी आपल्या घड्याळाकडं पाहिलं आणि घड्याळ बाहीखाली झाकलं. सरजाबाईनं तोरणं सोडली, आश्रुबानं कौसाला खाली उतरवलं आणि गाडी त्या दिवशी सात मिनिटं उशिरा सुटली.

गाडीची धूळ खाली बसली तेव्हा धुरपताबाई धापा टाकत आली. म्हैस व्यायली होती म्हणाली. “झालं का? कोणी भरली?”

“मी,” सरजाबाई म्हणाली आणि तिच्या ताटात धपाटं, चटणी, गुळाच्या सांजोऱ्या वाढू लागली.

चैत्र संपता संपता सेलूच्या दवाखान्यात कौसाला मुलगी झाली. सरजाबाई पाच दिवस तिथंच राहिली. फाट्यावरच्या शेंगा त्या पाच दिवसांत सटवाजीनं विकल्या. ओरडायची त्याला लाज वाटायची, म्हणून गिऱ्हाइकं त्यालाच हाक मारायची.

दिवाळीनंतर एकदा जिंतूरच्या गाडीतून पार्वतीबाई नावाची एक पोक्त बाई उतरली आणि शेंगावाल्या सरजाबाईची चौकशी करत लिंबाखाली आली. तिच्या सुनेला सातवा लागत होता. गाडीतल्या ओटीची गोष्ट कुणीतरी तिच्या गावापर्यंत नेली होती.

“आमच्याकडं गाडी-बिडी न्हाई, माय,” ती म्हणाली. “ओसरी हाय फक्त. पण तुमीच या. सजवायलाही आन् ओटीलाही.”

सरजाबाईनं टोपली बाजूला सारली, तिला बसायला पोतं अंथरलं आणि विचारलं, “ओसरी केवढी हाय तुमची? हातानं दाखवा बरं.”