चौऱ्याऐंशीचं पिंप

हंगामातलं शेवटचं शेत लाबुर्तांचं, हे पस्तीस वर्षं ठरलेलं. नोव्हेंबरात पहिल्या शेतावर भट्टी पेटली की सोलांज दुफो स्वतःच्या पलंगावर पाठ टेकायची ती थेट फेब्रुवारी संपताना. मधले दिवस कुणाच्या गोठ्याशेजारी, कुणाच्या पडवीत, गुडघ्यांवर घोंगडी टाकून. पुढे ट्रॅक्टर, त्याला जोडलेली चाकांवरची तांब्याची भट्टी, मागे सरपणाची गाडी, आणि सरपणावर बसून सगळ्या वाटेने कुरकुरणारा तिचा जाळवाला आन्सेल्म. फ्रान्सात, आर्मान्याकच्या आमच्या भागात, वाईनची ब्रँडी गाळत फिरणारी ही वरात कुणाला नवी नाही. मोठ्या घराण्यांच्या भट्ट्या त्यांच्या आवारातच असतात. ज्याच्याकडे चार एकर वेली आणि एक टाकी, त्याच्या दारात भट्टीनेच जायचं.

यंदा हे शेवटचं, असं सोलांज दरवर्षी म्हणायची. आन्सेल्म दरवर्षी हसायचा. या वर्षी ती काहीच म्हणाली नव्हती, आणि त्यामुळे तो जरा धास्तावला होता. सत्तावन्नाव्या वर्षी तिचे गुडघे ट्रॅक्टरवरून उतरताना असे वाजायचे की कुत्री वळून बघत. डोळे धुरानं कायमचे लाल. नवरा होता एकदा, पोस्टमन. हिवाळाभर बायको नसलेल्या घराला कंटाळून तो निघून गेला. त्याचं काही चुकलं असं तिला कधी वाटलं नाही. तिला फक्त झोप हवी होती. लाबुर्तांची वाईन उकळली की घरी जायचं, दार लावायचं आणि चार दिवस कुणाशी बोलायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

उर्बां लाबुर्त फाटकाशी उभा होता. ऐंशी ओलांडलेला म्हातारा, दाढी गुळगुळीत, टोपी हातात. सोलांजला ते पाहून गलबलून आलं. दरवर्षी फाटकाशी त्याची बायको नोएली असायची आणि तिच्या मागे स्वयंपाकघरातून बदकाचा खमंग वास. नोएली ऑगस्टात गेली. द्राक्षं तोडायला तीन आठवडे उरले असताना.

"ये पोरी," उर्बां म्हणाला. "पिंप भिजवून ठेवलंय. तिनंच मागवलं होतं वसंतात. नवं ओक आहे."

लग्नाच्या वर्षापासून लाबुर्तांच्या घरात दर सालाचं एक पिंप भरलं जायचं. काही विकली, काही उरली. यंदाचं नोएलीचं शेवटचं. त्या वेली तिनं छाटल्या होत्या, तिनं बांधल्या होत्या, फक्त द्राक्षं तिला तोडता आली नाहीत. दफनाच्या दिवशी उर्बां सोलांजच्या कानाशी एवढंच बोलला होता, "तेवढं पिंप भरून दे. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

भट्टी पेटवण्याआधी वाईन चाखायची, हा तिच्या बापाचा नियम. सोलांजनं टाकीतून पेला भरला, नाकाशी नेला आणि तशीच थांबली. नाकात झिणझिण्या आल्या. नुकती विझलेली काडेपेटीची काडी.

"नळी जोडू?" आन्सेल्मनं हाळी दिली.

"थांब जरा."

"का? बाईसाहेबांना कॉफी लागते का आधी?"

"आन्सेल्म, तोंड मिट."

तिनं पुन्हा वास घेतला. शंकाच नव्हती. "उर्बां, यात काय घातलंत?"

"काही नाही." मग तो टोपी चाचपत म्हणाला, "थोडं गंधक."

"थोडं म्हणजे?"

"नोव्हेंबरात वास बदलायला लागला होता. मला वाटलं, आंबून जाईल. तांबड्या वाईनला घालतो तेवढंच घातलं. मग जानेवारीत परत भीती वाटली, परत घातलं."

सोलांज टाकीच्या कठड्यावर बसली. भट्टीच्या वाईनला गंधक लावायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. टेबलावरच्या वाईनला ते राखतं, पण उकळली की वाफेबरोबर सगळं वर चढतं, तांबं काळं पाडतं आणि ब्रँडीत जे बसतं ते कितीही वर्षं ओकात ठेवा, जात नाही.

"नोएली कधी घालत नव्हती," ती म्हणाली.

"नोएलीच्या टाकीला मी कधी हात लावला नव्हता, पोरी. वेली माझ्या, टाकी आणि पिंपं तिची. पन्नासच्या वर वर्षं असंच चाललं. ती ओरडायची, तुझी गंधकाची पिशवी घेऊन माझ्या टाकीजवळ येऊ नकोस. मला वाटायचं, पसारा होतो म्हणून ओरडते."

आता हे तोंडानं सांगायचं कसं? दुसरा कुणी असता तर सोलांजनं ट्रॅक्टर वळवला असता. वळवलाही होता: एकदा नगराध्यक्षाच्या मेव्हण्याच्या दारातून, भर पाहुण्यांसमोर. खराब वाईन भट्टीत घालायची नाही. नवऱ्याशी, बँकेशी, गुडघ्यांशी ती हरली होती. या एका बाबतीत नाही. सोलांजच्या भट्टीतून निघालेलं चोख असतं, असं पलीकडच्या खोऱ्यातली माणसंही बोलायची. तेवढंच तिच्या गाठीला होतं.

"उर्बां, ही नाही चालणार," ती म्हणाली. "उकळली तर सडक्या अंड्यासारखा वास मारेल. मी नाही घालू शकत."

त्यानं मान हलवली. वाद नाही, विनवणी नाही. त्यानं वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

"बरं," तो म्हणाला. "जेवून तर जाल? सूप केलंय मी."

खरं सांगायचं तर सोलांजला आतून सुटल्यासारखंही झालं. दुपारी निघालो तर दिवेलागणीला घर. आणि असं वाटलं म्हणून तिला स्वतःची लाज वाटली.

सूपात कोबी होता, घेवडा होता, बदकाचं एक हाड होतं आणि मीठ अजिबात नव्हतं. आन्सेल्मसारखा माणूसही काही बोलला नाही. तळाशी घोटभर उरल्यावर आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिघांनी आपापल्या थाळीत तांबडी वाईन ओतली, थाळ्या दोन्ही हातांनी उचलल्या आणि पिऊन टाकल्या. नोएली असती तर आन्सेल्मच्या मिशीवरून दोन टोमणे आले असते.

"आलीच आहेस तर कोठारातलं काहीतरी घे," उर्बां म्हणाला. "रिकाम्या तोंडानं तिनं कुणाला सोडलं नाही. कुठल्या सालाचं काढू?"

"चौऱ्याऐंशीचं," सोलांज म्हणाली.

सहज म्हणाली ती. चौऱ्याऐंशी सालचं पिंप म्हणजे तिनं स्वतः गाळलेलं पहिलं. त्या हिवाळ्यात भट्टीच्या चाकाखाली बापाचा पाय सापडला आणि बावीस वर्षांच्या सोलांजला एकटीनं लाबुर्तांकडे यावं लागलं. तेव्हा तिला भट्टीच्या धंद्यात राहायचंच नव्हतं. तुलूझच्या टेलिफोन ऑफिसात नोकरी लागल्याचं पत्र तिच्या कोटाच्या खिशात होतं. पण पहाटे नोएली कॉफी घेऊन आली, तिनं ब्रँडीच्या धारेखाली हात धरला, तळव्यावर तळवा चोळून वास घेतला, घोटभर चाखली आणि डोळे मिटून म्हणाली, "चोख आहे, पोरी. बापाचा हात आलाय तुला." ते पत्र सोलांजनं त्याच जाळात घातलं.

उर्बां मात्र जागचा हलला नाही.

"ते नको," तो म्हणाला. "ब्याऐंशीचं काढतो, फार छान झालंय."

"का? विकलं का?"

"नाही. आहे."

"मग?"

"ती कुणाला देत नसे ते."

सोलांज उठली. कोठाराचा रस्ता तिला दाखवायची गरज नव्हती. आतल्या कोपऱ्यात, कोळ्यांच्या जाळ्यांमागे पिंप होतं. खडूनं घातलेलं साल आणि खाली तिच्या स्वतःच्या कोवळ्या अक्षरात 'दुफो'. बूच काढून तिनं काचेची लांब नळी सोडली. पिंप निम्म्याहून जास्त भरलेलं होतं. इतक्या वर्षांत जे हवेत उडतं तेवढंच उडालेलं. म्हणजे यातली एक बाटलीसुद्धा या घरातून बाहेर पडली नव्हती.

रंग सुरेख होता. तिनं घोट घेतला, तोंडात फिरवला.

पातेल्याला दूध लागावं तसा वास. जळका, कडवट, जिभेच्या मुळाशी चिकटणारा. तिनं आणखी एक घोट घेतला. वाटलं, आपलीच जीभ थकली असेल. जीभ ठीक होती.

तेव्हा तिला तो दिवस सगळाच्या सगळा आठवला. जाळ घालता घालता तिचा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा नळीतून भट्टीत चढणारी वाईन थांबलेली आणि खाली चूल रसरसलेली. झटक्यात तिनं नळ सोडला होता, जाळ ओढला होता आणि कुणाला काही सांगितलं नव्हतं. मग नोएली चोख म्हणाली, आणि सोलांजनं मनाला पटवलं की काही बिघडलंच नव्हतं.

उर्बां मागून आला आणि दारातल्या तिपाईवर बसला.

"तिला कळलं होतं?" सोलांजनं विचारलं.

"पहिल्या घोटातच."

"आणि तुम्हाला?"

"मलाही."

सोलांजला राग आला. सणसणून आला. पस्तीस हंगाम तिनं त्या एका वाक्यावर काढले होते. दुसऱ्यांच्या दारातून मान ताठ ठेवून ट्रॅक्टर वळवला होता, आणि इथे तिचं पहिलंच पिंप जळकं पडलं होतं, नाव घालून.

"मग बोलली का नाही?"

"मी तेच म्हटलं तिला," उर्बां म्हणाला. "सालभराची मेहनत गेली आपली. त्या वर्षी तर गारांनी निम्मी द्राक्षं नेली होती. ती म्हणाली, पोरीचे हात बघितलेस का, कसे कापत होते? आज बोलले तर ती पुन्हा भट्टीला शिवायची नाही. पुढच्या वर्षी नीट करेल. दोनदा व्यापारी आले, चांगला भाव देत होते. हे नाही द्यायचं म्हणाली. बाहेर गेलं असतं तर तुझं नाव खराब झालं असतं ना."

सोलांजनं बूच घट्ट बसवलं. मग बराच वेळ पिंपाला टेकून उभी राहिली. राग कुठे गेला ते तिला कळलं नाही. नोएलीला विचारायचं, भांडायचं, पाया पडायचं, जे काय करायचं ते करायला आता सहा महिने उशीर झाला होता, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं.

बाहेर आन्सेल्म सरपण पुन्हा गाडीवर चढवत होता.

"खाली उतरव ते," ती म्हणाली. "नळी जोड."

"वास घेतलास ना तू?"

"घेतला."

"तांब्याची पार वाट लागेल, बाई. आठवडाभर घासावं लागेल आतून."

"लागू दे. तू आहेसच घासायला."

"आणि ते पिंप कुणी उघडलं तर? तुझं नाव असतं त्याच्यावर."

"माहीत आहे मला माझं नाव कुठे असतं."

आन्सेल्मनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि मुकाट्यानं नळी जोडली.

तीनच्या सुमाराला भट्टी पेटली. काम सोलांजनं नेहमीसारखंच केलं, किंबहुना जास्तच. जाळ मंद ठेवला, सुरुवातीची धार भरपूर बाजूला काढली, शेवटची वेळेआधी तोडली. त्यानं थोडाफार फरक पडला, फार नाही. गुडघे ठणकत होते. घरचा पलंग डोळ्यांसमोर आला की ती उठून फेरी मारायची. या वेळेस मात्र तिनं डोळा लागू दिला नाही.

सकाळी पिंप भरलं. नोएलीनं मागवलेलं नवं ओक, काठोकाठ. सोलांजनं खडू घेतला आणि साल घातलं. खाली नाव घालताना हात जरा थांबला. मग तिनं आडनावाबरोबर पहिलं नावही घातलं, मोठ्या अक्षरात.

उर्बां कॉफी घेऊन आला. अर्धी बशीत सांडलेली. कप त्यानं कठड्यावर ठेवला. नुसता पिंपाकडे बघत राहिला, टोपी पुन्हा हातात.

सोलांजनं उरलेल्या धारेखाली हात धरला, तळव्यावर तळवा चोळला, वास घेतला. काडेपेटीची काडी तिथेच होती. तिनं पेल्यातला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "चोख आहे, उर्बां. नोएलीचा हात आहे याच्यात."

त्यानं तिच्या हातातून पेला घेतला, नाकाशी न नेता सगळा पिऊन टाकला आणि बाहीनं तोंड पुसलं.

"तीही असेच डोळे मिटून सांगायची," तो म्हणाला. "कॉफी घे, गार होतेय."