शेंदूर फासलेला थर्मास

"थर्मासले हात लावला तं हात इथंच ठिवून जाशीन," ती बाई ओरडली. ओरडली ती माझ्यावरच, कारण थर्मास माझ्या मांडीवर होता. तिच्या हातात गवत कापायचा विळा होता आणि त्याची धार मला तीन हातांवरून ऐकू येत होती. माझ्या डावीकडे गुरांच्या दवाखान्यातला स्टॉकमन, उजवीकडे माणसांच्या दवाखान्यातला कंपाउंडर, समोर झारा घेतलेला हॉटेलवाला. तिघांचाही डोळा त्याच थर्मासवर. मधे मी, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा.

हे मानोऱ्याच्या मोटारस्टँडवर, सकाळच्या अकरा वाजता. पार्सलची खिडकी तेव्हा माझ्याकडे होती. मोठ्या दुष्काळानंतरचा दुसरा की तिसरा चैत्र असेल. पोहरादेवीची यात्रा भरलेली आणि ऊन असं की रस्त्याचं डांबर माणसाची चप्पल काढून घ्यायचं ते परत द्यायचं नाही.

बाईचं भांडण खरं होतं, म्हणून ते आधी सांगतो. आठ दिवसांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या पोटरीला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. गडी असा रेड्यासारखा की त्यानं पोटरी सोडवायच्या भानगडीत न पडता कुत्र्यासकट पाय उचलला आणि बांधावरच्या दगडावर आपटला. कुत्रं जाग्यावर मेलं. दगडाचे दोन तुकडे झाले. ते मी स्वतः पाहिलेले नाहीत, पण पाहिलेल्या माणसासोबत मी चहा घेतलेला आहे. कुत्रं मेलं तरी विष मरत नाही. त्यावर तेव्हा एकच इलाज होता, पोटात चौदा सुया, रोज एक, आणि मधे खाडा चालत नाही. आठ टोचून झाल्या होत्या. नववीचं औषध त्या दिवशीच्या गाडीनं वाशीमवरून यायचं होतं, बर्फाच्या थर्मासात, कारण मानोऱ्याच्या दवाखान्यात गार वस्तू म्हणजे पाण्याचा माठ, तोही अर्धा.

गावच्या चौघांनी त्याला हातपाय बांधून बैलगाडीत घालून आणलं होतं. काठ्या सोबत होत्या. वाटेतच त्यांनी बाईला बजावलं होतं, "आज सुई लागली तं परत नेऊ. नाई लागली तं त्याले गावात घेत नाई आमी. लेकरंबाळं आहेत." आणि न घेता त्याचं काय करतील, ते त्यांच्या काठ्या सांगत होत्या. बाईनं विळा उगाच आणला नव्हता.

आता त्या थर्मासचं. वाशीमवरून रोज तीन थर्मास यायचे. एकात माणसांचं औषध. दुसऱ्यात सुईनं गाय भरवायला वळूचं बीज. सरकारचं संकरित गाईचं खूळ तेव्हा जोरात होतं. तिसऱ्यात हॉटेलवाल्याचा शरबतासाठीचा बर्फ. तिन्ही थर्मास एकाच दुकानातले, एकाच खाकी रंगाचे, जुळे नाही, तिळेच. ते ओळखायला कंडक्टर गळ्यात चिंधी बांधायचा. माणसांच्या दवाखान्याची पांढरी, गुरांच्या दवाखान्याची हिरवी, हॉटेलची लाल. चिठ्ठी असायची, पण चिठ्ठीवर कोणी विश्वास ठेवत नसे, चिंधीवर ठेवायचे.

त्या दिवशी यात्रेच्या गर्दीत एकच थर्मास आला. गाडी पुढं पोहरादेवीला जाणारी. आत माणसं अशी भरलेली की श्वास घ्यायचा तर शेजाऱ्याची परवानगी लागावी. कंडक्टरनं थर्मास ड्रायव्हरशेजारच्या इंजिनच्या पेटाऱ्यावर ठेवला आणि दम दिला, "याले हात लावू नका. याले पाय लागू देऊ नका." एवढं ऐकल्यावर पोहरादेवीला निघालेली माणसं काय समजतील? हात लावायचा नाही, पाय लागू द्यायचा नाही, म्हणजे देवाचंच काहीतरी असणार. मंगरूळपीर येईपर्यंत एका म्हातारीनं त्याला हळद वाहिली. पुढं दुसऱ्यानं तेलात कालवलेला शेंदूर फासला. मानोऱ्याला उतरला तेव्हा थर्मासच्या गळ्यात झेंडूचा हार होता, आणि चिंधी, चिठ्ठी, झाकण सगळं एकजात शेंदरी. पांढरी की हिरवी की लाल, ते ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता आलं नसतं.

कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "मी मांगच्या दारात लटकून राह्यलो होतो. मले काय माहीत," आणि घंटी मारून गेला. यात्रेमुळे पुढची गाडी केव्हा येईल ते ड्रायव्हरांनाही ठाऊक नव्हतं.

"उघडून पाहू," मी म्हणालो. तिथंच चुकलो. कारण उघडण्याची रीत तिघांची तीन होती. हॉटेलवाला थर्मास बादलीत उलटा करून बुडावर थापटी मारायचा. कंपाउंडर नळी काढून आधी खळखळ हलवायचा, कारण कुत्र्याच्या औषधाचा गाळ खाली बसतो. आणि स्टॉकमनच्या शास्त्रात हलवणं म्हणजे खून.

हॉटेलवाल्यानं बादली पुढं केली. बाईनं विळ्याचा मागचा भाग असा हाणला की बादलीत पोचा पडला आणि हॉटेलवाल्याच्या मनगटातही. तो झारा टाकून खाली बसला आणि बसूनच शिव्या देत राहिला. बर्फाचा दावा तिथं संपला. मी संधी साधून झाकण फिरवलं. आत विरघळत आलेला बर्फ आणि त्यात काचेच्या दोन नळ्या. दोन्हींत पांढरट गढूळ पाणी. नळ्यांवरच्या कागदांचा लगदा झालेला.

"हे माहं," दोघं एकदम म्हणाले.

कंपाउंडरनं नळी उचलली आणि सवयीनं खळखळ हलवली. स्टॉकमनची त्या दिवशीची गाय त्याच्या सासऱ्याची होती, दोनदा भरवूनही गाभ न धरता उलटलेली, स्टँडच्या मागं बाभळीला बांधलेली, आणि सासरा तिच्याजवळ उभा राहून जावयाची किंमत करत होता. स्टॉकमननं कंपाउंडरच्या नाकावर डोकं हाणलं. आवाज सुक्या बोंडासारखा आला. कंपाउंडर माझ्या खिडकीतून आत गेला, खिडकीची चौकट गळ्यात घालूनच बाहेर आला, आणि त्यानं स्टॉकमनला चौकटीसकट मिठी मारली. त्याच्या हातून सुटलेली नळी मी झेलून बर्फात परत घातली आणि थर्मास पोटाशी धरून गुडघ्यात डोकं घातलं. तेवढ्यात एक लाथ माझ्या खांद्याच्या हाडावर बसली. ते हाड अजून पाऊस येण्याच्या दोन दिवस आधी मला सांगतं. हवामान खात्यानं मला नोकरी द्यायला हवी होती. स्टॉकमनचा एक दात उडाला. तो उभ्या असलेल्या दिग्रसच्या गाडीत पडला आणि बिनतिकीट दिग्रसला गेला, असं मी आजपर्यंत सांगत आलोय आणि अजून कोणी खोटं ठरवलेलं नाही.

"लेका, माणूस मरते तिकडं अन् तुले गाय पायजे?" कंपाउंडर त्याच्या छातीवर बसून म्हणाला.

"अन् तू त्याच्या पोटात वळूचं बीज टोचलं, मंग?" खालून स्टॉकमन बोळक्यातून बोलला. "त्याच्या बायकोले काय सांगशीन? वासरू होते म्हून?"

यावर सगळा स्टँड हसला, बाई सोडून. तिनं दोघांच्याही मुंड्या केसांना धरून वर केल्या. "आता खिदळू नका. मले सांगा, काय आहे त्यात."

स्टॉकमनचा मुद्दा बिनतोड होता, ते कंपाउंडरलाही कळलं. माणसांचे डॉक्टर यात्रेच्या बंदोबस्ताला, गुरांचे डॉक्टर सुट्टीवर. विचारायला कोणी नाही. स्टॉकमन रक्त थुंकत गेला आणि दवाखान्यातून दुर्बीण घेऊन आला, ज्यात बीज वळवळताना दिसतं ती. एका नळीतला थेंब काचेवर घेतला, तळहाताच्या उबेवर धरला आणि डोळा लावला. सगळा स्टँड त्याच्या पाठीमागून काचेवर वाकला.

"हालत नाई," तो म्हणाला.

"मंग औषधच आहे," कंपाउंडर म्हणाला.

"नाई तं इंजिनवर भाजून मेलं असन." 

बाईच्या हातातला विळा खाली आला. तेवढ्या सगळ्या मारामारीत ती हरल्यासारखी मला त्याच क्षणी दिसली. आणि नेमका तेव्हाच बैलगाडीत बांधलेला नवरा मोठ्यानं ओरडला. काय ओरडला ते कोणाला कळलं नाही, कारण चौघं त्याच्यावर तुटून पडले. "विष चढलं, चढलं" म्हणत एकानं त्याच्या छातीवर गुडघा दिला, दुसऱ्यानं तोंडात दुपट्ट्याचा बोळा कोंबला, तिसऱ्यानं पायांवर काठीचे फटके ओढायला सुरुवात केली. बैल बुजले. एक चाक त्या चौथ्याच्या पावलावरून गेलं आणि तो बसस्टँडच्या पत्र्यांना भोकं पडतील असा किंचाळला. 

मी पुष्कळ मारामाऱ्या पाहिल्या आहेत. काही मी सांगताना वाढवल्याही आहेत. पण त्या बाईनं पुढच्या दोन मिनिटांत जे केलं ते वाढवायची सोय नाही. ती गाडीत चढली. काठीवाल्याची काठी हिसकली आणि त्याच्याच कोपरावर घातली. हात उलटा लोंबला. गुडघेवाल्याला तिनं कानाला धरून गाडीतून खाली ओढलं आणि कानाचा एक कोपरा तिच्या हातात राहिला. विळ्याची धार तिनं वापरली नाही. वापरली ती फक्त दोर कापायला. मग नवऱ्याच्या तोंडातला बोळा तिनं उपसला, आणि सगळा स्टँड, दोन भांडणारे धरून, मागं सरकला. हॉटेलवाला टेबलावर चढला. मी कुठं चढलो ते सांगत नाही.

"चावते तं मले चाव," ती नवऱ्याला म्हणाली. "बोल, काय म्हनत होता."

तो खोकला. तोंडातले धागे थुंकला. मग म्हणाला, "वास घ्या म्हनलं. रोजच्या औषधाले मोरीवानी वास येते. फिनेलचा. आठ दिवस नाकाखालून चाललं मह्या."

कंपाउंडरनं कपाळावर हात मारला. हे त्याला माहीत असायला हवं होतं आणि होतंही, पण नाक फुटून रक्तानं भरलेलं, वास कशानं घेणार. स्टॉकमनच्या तोंडात तंबाखू आणि रक्त. बाईनं माझ्याकडून थर्मास घेतला, उघडी नळी नवऱ्याच्या नाकाशी नेली. त्यानं डोळे मिटून एक श्वास ओढला.

"हेच."

मग तिनं स्वतः हुंगलं, मग मला हुंगवलं. दवाखान्याच्या फरशीचा वास होता, अगदी स्वच्छ. स्टॉकमन वळला आणि बाभळीकडे, सासऱ्याकडे, चालायला लागला. त्याची पाठ पाहून मला त्याच्या दातापेक्षाही जास्त वाईट वाटलं.

हॉटेलवाल्याच्या चहाच्या पातेल्यात सुई उकळली. कंपाउंडरनं दुसरी नळी मनसोक्त खळखळ हलवली. पार्सलच्या बाकावर नवऱ्याला आडवं केलं. बाईनं त्याचे हात धरले, मी पाय. पाय धरताना मला चाव्याची जागा दिसली, निळी पडलेली, आणि तिच्यावर त्या काठीचे ताजे वळ. कंपाउंडरनं पोटात सुई टोचली. चौघांपैकी ज्या दोघांचे हातपाय धड होते ते गाडी वळवायला गेले, आणि "चला वहिनी" असं नरमाईनं म्हणालेही.

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "सुटला गड्या."

तो सदरा खाली ओढत म्हणाला, "अजून पाच राह्यल्या."