पहिला घास आणणाऱ्याचा

आमच्या साडूभाऊंना कोणी सांगितलं की आज सूर्य उगवला, तर ते आधी विचारतील, "कोणं पाह्यला?" असा माणूस गडचिरोली जिल्ह्यात दुसरा नाही, आणि नाही तेच बरं. दोन असते तर एकमेकांची चौकशी करता करता दोघांची जेवणं राहिली असती. ते धानोऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात आणि शाळेत संगणक आल्यापासून इंटरनेटवरची खरी माहिती कशी शोधायची, हेही शिकवतात. त्यासाठी त्यांना पुस्तक लागलं नाही. त्यांचे वडील पावसाळ्यात रानातून सात्या, म्हणजे अळंबी, आणायचे. त्या सात्यांचे घरचे नियम साडूभाऊंनी जसेच्या तसे फळ्यावर लिहिले: "कोणं खाल्ल्या? कवा खाल्ल्या? अन् तो आता कसा हाये?" तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय सात्या चुलीवर चढत नसत. चढल्या तरी पहिला घास आणणाऱ्यानं खायचा, मग बाकीच्यांना वाढायचं.

या तीन प्रश्नांतून कोणीच सुटलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मिळाल्यावर या गृहस्थांनी मुलाकडच्यांना फोन करून तारीख विचारली. मी चिडलो, तर म्हणाले, "भाऊ, पत्रिका तं तुमच्याच बाजूची होती. दुसऱ्या बाजूनं नको पाह्याले?" मागे एकदा मोहफुलांच्या दिवसांत रस्त्यावर बसलेल्या वाघाचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला. धानोऱ्याचाच म्हणे. बायकांनी मोह वेचायला जाणं बंद केलं. साडूभाऊंनी तो व्हिडिओ वर्गात लावला आणि पोरांना म्हणाले, "वाघाले पाहू नका, वाघाच्या मांगं पाहा." मागे नारळाची झाडं होती! धानोऱ्याच्या जंगलात नारळ कोणी लावले, यावर वर्ग अर्धा तास हसला. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे बायकांच्या पुढे टोपली घेऊन हेच चालले, कारण पहिला घास आणणाऱ्याचा. त्यांना मोह वेचता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

तर अशा या माणसाकडून एका दुपारी आमच्या घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पांढऱ्या दाढीचे एक बाबा कुठल्याशा रानवेलीचा रस पीत सांगत होते की सात दिवसांत साखर मुळापासून जाते, गोळ्या बंद करा. मला तेव्हा नुकतीच शुगर निघाली होती आणि रोजच्या गोळीचं तोंड बघवत नव्हतं. मी विचार केला, सगळ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्यानं पाठवलंय, म्हणजे गाळून-चाळूनच आलेलं असणार. त्याच संध्याकाळी गोळ्या कपाटात गेल्या. आठव्या दिवशी ऊर्जानगरच्या, म्हणजे वीज केंद्राच्या वसाहतीतल्या, आमच्या क्वार्टरमध्ये चपला घालता घालता मी भोवळ येऊन पडलो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कोणी बंद केल्या?" मी मोबाइल दाखवला. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या, त्याचीच जास्त लाज वाटली.

बायकोनं धानोऱ्याला फोन करून आपल्या बहिणीच्या नवऱ्याला काय काय सुनावलं, ते इथे लिहिता येणार नाही. त्या रविवारी दोन एसट्या बदलून साडूभाऊ आले. चहा पुढे ठेवला, त्याला हात लावला नाही. तो व्हिडिओ त्यांनी आदल्या दिवशी वर्गात लावला होता. पोरांनी तासाभरात शोधून काढलं, की हेच बाबा दुसऱ्या नावानं टकलावरचं तेल विकतात आणि त्या रानवेलीच्या रसाच्या बाटल्याही तेच विकतात. मग नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, पण हा पाठोला कोणं?"

"मंग?" मी विचारलं.

"मंग का? मी हात वर केला." ते खाली बघत राहिले. "तुमाले शुगर निंघाली तवापासून रोज शोधून राह्यलो होतो, भाऊ. हे दिसलं अन् वाटलं, हे खरं असावं. तीन प्रश्न आठोलेच नाई मले. मी आधी खाल्लं नाई, अन् तुमाले वाढलं."

गार झालेला चहा मीच उचलून त्यांच्या हातात दिला.

आता ते रोज संध्याकाळी फोन करतात. "गोळी घेतली का? कोणं पाह्यली?" मग साक्षीला बायकोला फोनवर यावं लागतं. ग्रुपवर मात्र त्यांनी तेव्हापासून काही पाठवलेलं नाही, दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा नाहीत, आणि ते मला चुकल्यासारखं वाटतं. त्या बाबांचा व्हिडिओ मी अजून पुसलेला नाही. मुलगी मला ओरडते, की बाबा, तो व्हिडिओ खोटा आहे. आहेच खोटा. पण आयुष्यभर प्रत्येक गोष्ट तपासून घेणाऱ्या माणसानं एकदाच घाई केली, आणि ती माझ्यासाठी केली. एवढं मात्र मी स्वतः पाहिलेलं आहे.