उजव्या इंजिनाखालचं तेल

"काका, एकच पान लिहून द्या. विमानाची अविरत सेवा, असं काहीतरी," त्या मॅडम फोनवर म्हणाल्या आणि माझं डोकं फिरलं. अविरत? हे विमान माझ्या देखत जेवढं उडालं त्याहून जास्त रुसून उभं राहिलं असेल. पण मॅडमचा तरी काय दोष? त्या पैठण रस्त्यावरच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत शिकवतात. संस्थेनं ते जुनं पंख्यांचं विमान भंगारातून घेऊन आवारात मांडलंय. त्यावर हात काळे केलेला आणि अजून चालता-बोलता असलेला माणूस म्हणून कुणीतरी त्यांना माझा नंबर दिला. चिकलठाण्याच्या विमानतळावर मी मेकॅनिक होतो. इतिहास लिहायला मदत म्हणून त्यांनी लॉगबुकांच्या झेरॉक्स पाठवल्या, त्याही दोन पिशव्या भरून. एका पानासाठी दोन पिशव्या.

इतिहास असा आहे. दोन इंजिनं, दोन पंखे, आणि सुरू झालं की कानाचे पडदे फाडणारी शिट्टी. आमच्याकडं आलं तेव्हा ते कोरं करकरीत होतं. दुपारी मुंबईहून यायचं, अर्धा तास थांबून पुढं उत्तरेला जायचं. सुरुवातीला त्यातून वेरूळ-अजिंठा बघायला आलेले गोरे उतरायचे. पुढं चिकलठाण्यात कारखान्यांच्या शेडी उभ्या राहिल्या, मग वाळूज झालं, आणि गोऱ्यांच्या जागी ब्रीफकेसवाले साहेब उतरायला लागले. घड्याळात बघत उतरायचे आणि घड्याळात बघतच परत यायचे. विमान वेळेवर सुटणार का, हे ते पायलटला नाही, मला विचारायचे, कारण पंख्याखाली उभा असलेला माणूस मी. "सुटेल साहेब," मी म्हणायचो, आणि उजवं इंजिन मला तोंडघशी पाडायचं.

नेहमी उजवंच. मुंबईत त्याला काही व्हायचं नाही, उदयपूरला काही व्हायचं नाही. चिकलठाण्यात, मी डबा उघडला की, त्याला काहीतरी व्हायचं. कधी सुरूच व्हायचं नाही, कधी सुरू होऊन धूर ओकायचं. माझ्या बायकोनं केलेली बाजरीची भाकरी मी आयुष्यात गरम खाल्ली नसेल, पण निदान दुपारची तरी वेळेवर खावी, तेही त्यानं होऊ दिलं नाही.

आणि एवढं करून लॉगबुकात माझं नाव कुठंही नाही. माझ्याकडं सहीचं लायसन नव्हतं. नटबोल्ट मी खोलायचे, हात मी भाजून घ्यायचे, आणि सही मुंबईहून येणाऱ्या इंजिनिअरनं करायची. नियमच तसा होता. दोन पिशव्या कागद मी चष्मा लावून चाळले, एकदा कुठं चुकून नाव आलंय का बघायला. नाही.

शेवटचा प्रवाससुद्धा त्यानं धड केला नाही. संस्थेनं पंख कापून त्याला ट्रेलरवर घातलं आणि क्रांती चौकात वळताना ते अडकलं. अर्धा दिवस सगळी वाहतूक खोळंबली, लोक फोटो काढत बसले. बजाजनगरला निघालेल्या पुतणीनं बसमधूनच मला फोन केला, "काका, तुमचं विमान आलंय चौकात, त्याच्यापायी माझी बस अडकली." म्हटलं, मला नवीन नाही.

झेरॉक्समध्ये एका पानावर मॅडमनी पिवळी चिठ्ठी लावली होती. "इथे उजव्या इंजिनाखाली तेल झिरपतंय असं लिहिलंय. पण पुढे दुरुस्तीची नोंदच नाही. पान गहाळ आहे का?"

पान गहाळ नव्हतं. 

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यातली ती नोंद आहे. ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमचं दीक्षा घेतलेलं घर, करमाडच्या पुढं आडबाजूला गाव. तिथं माय, वहिनी आणि वहिनीची पाच वर्षांची पोर होती. थोरला भाऊ जालन्याला हमालीला होता. गावोगावी आमच्या वस्त्या जाळल्याच्या बातम्या येत होत्या आणि मी मात्र विमानाजवळ अडकलो होतो, कारण आदल्या दुपारी उजव्या इंजिनाचं स्टार्टर जळलं होतं. प्रवाशांना हॉटेलात ठेवलं होतं. नवं स्टार्टर घेऊन इंजिनिअर मुंबईहून जीपनं येणार होता आणि तोवर विमान सोडून हलायचं नाही असा हुकूम होता. शहरात संचारबंदी. लग्नाआधी मी एकटा राहायचो त्या खोलीच्या मालकानं निरोप धाडला होता की चार दिवस इकडं फिरकू नका, आम्हाला त्रास नको. त्या विमानाला मी त्या दिवशी दिल्या तेवढ्या शिव्या पुन्हा कधी दिल्या नाहीत.

सकाळी गवत कापणाऱ्या बायका कुंपणाच्या मागच्या फटीतून आत आल्या. रोज यायच्या, विमानतळाचं गवत त्याच कापायच्या. त्यांच्यामागं डोक्यावर पदर ओढून माय होती, वहिनी होती, आणि वहिनीच्या कडेवर पोर. घरावर रॉकेल पडायच्या आधी तिघी निघाल्या होत्या आणि बाजरीच्या रानातून जालना रस्त्याच्या कडेकडेनं चालत आल्या होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल. माय माझ्याकडं बघून फक्त एवढंच म्हणाली, "घर गेलं बाबा. पोरीला काही खायला दे."

मी काय करायचं? गावाकडं जायला नको, खोलीवर जायला नको, फाटकावर पोलीस. शहराच्या पलीकडच्या टोकाला, छावणी भागात मावशीचं घर होतं, पण संचारबंदीत तिथवर पोचणं अशक्य. सगळ्या जिल्ह्यात माझ्या हातात असलेलं एकच दार होतं, आणि त्याची चावी माझ्या खिशात होती. मी विमानाची शिडी लावली, तिघींना आत बसवलं, पडदे ओढले, कॅन्टीनवाल्यानं दिलेला डबा त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, आवाज करू नका, खिडकीशी जाऊ नका. मग कोपऱ्यातल्या खोलीत हत्यारं आणायला गेलो.

परत आलो तर इंजिनिअरची जीप विमानापाशी उभी. तो मद्रासकडचा, जाडजूड, सदा कपाळाला आठ्या. मला त्याचा राग यायचा आणि त्याला सगळ्यांचा. तो शिडीच्या पायथ्याशी उभा राहून खाली बघत होता. मी जवळ जाऊन तो बघत होता तिकडं पाहिलं.

शिडीखाली तीन जोड चपला काढून ठेवल्या होत्या. मायच्या, वहिनीच्या आणि पोरीच्या इवल्याशा. तिन्ही जोड नीट, एका ओळीत, टाचा एकमेकींना लावून. चिखलानं भरलेल्या, म्हणून मायनं त्या बाहेर काढायला लावल्या होत्या. लपायला आलेली माणसं, आणि दाराशी चपलांची रांग लावून बसलेली! कपाळावर हात मारून घ्यावा की मायला हाक मारून झापावं, मला कळेना.

"ये किसका चप्पल है?" इंजिनिअरनं विचारलं.

मी हातातली हत्यारं खाली ठेवली.

"हवा से उड़ के पंखे में जाएगा तो? पूरा इंजन खलास. तुमको मालूम नहीं, यहाँ नीचे एक कागज़ भी नहीं रखने का?" तो चपलांसाठीच मला झापत होता, फक्त चपलांसाठी. शिडीच्या वरच्या दारातून पोरीचा खोकला ऐकू आला. त्यानं एकदा वर पाहिलं. मग वाकला, तिन्ही जोड स्वतः उचलले, दोन हातांत धरून शिडी चढला आणि दाराच्या आत ठेवून खाली आला. हात पँटला पुसले. "इन लोग को खिड़की से दूर बिठाओ," म्हणाला, आणि स्टार्टरची पेटी उघडायला लागला.

संध्याकाळपर्यंत स्टार्टर बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघींना हत्यारांच्या खोलीत बसवून आम्ही इंजिन सुरू केलं. एका दमात लागलं. आयुष्यात पहिल्यांदा ते इतकं गुणी वागलं होतं आणि मला ते अजिबात नको होतं. आता विमान जाणार. मग माय, वहिनी, पोर कुठं जाणार? हत्यारांच्या खोलीत दर तासाला कुणीतरी यायचं.

इंजिनिअरनं इंजिन बंद करायला लावलं, खाली वाकून बघितलं आणि लॉगबुक मागवलं. लिहिलं, उजव्या इंजिनाखाली तेल झिरपतंय, निरीक्षणाखाली, विमान उद्यापर्यंत सोडू नये.

मी मूर्खासारखा लगेच इंजिनाखाली आडवा झालो, बॅटरी मारून सगळीकडं बघितलं आणि बाहेर येऊन प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, तेल कुठंच नाही."

"तुमको नहीं दिखता," तो खेकसला. "मुझे दिखता है. सही मेरी है ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिघींना परत विमानात नेलं. या वेळी चपला आत.

तिसऱ्या दिवशी संचारबंदी काही तासांसाठी उठली. मी तिघींना छावणीत मावशीकडं पोचवलं. परत आलो तोवर इंजिनिअरनं विमान सोडलं होतं आणि स्वतः त्याच विमानानं मुंबईला निघूनही गेला होता. त्या तेलाबद्दल त्यानं पुढं कधी शब्द काढला नाही. काढला तो मेमो. महिन्याभरानं मला कागद आला, विमानाच्या शिडीखाली स्वतःची पादत्राणे ठेवल्याबद्दल लेखी समज. माझ्या सबंध नोकरीतला तेवढा एकच मेमो. मी भडकलो. चपला माझ्या नव्हत्या, त्याला हे ठाऊक होतं. एका पहारेकऱ्यानं चपलांची तक्रार केली होती, आणि त्या माझ्याच होत्या असं इंजिनिअरनं लिहिल्यामुळं चौकशी तिथंच मिटली, हे मला फार उशिरा समजलं. तोवर इंजिनिअर वारला होता. आभार मानायचे राहून गेले, याची खंत मला आजही वाटते.

पण राग मात्र माझा मायवर राहिला. पुढं घर बांधलं, भाऊ, वहिनी, सगळे शहरात आले, पोर शिकून वाळूजच्या एका कंपनीत लागली, नामांतरही झालं. तरी पाहुणे जमले की मी तो किस्सा काढायचो आणि मायला डिवचायचो. "जीव मुठीत धरून आली आणि दाराशी चपला लावून बसली. अगं, जरा डोकं चालवायचंस!" सगळे हसायचे, तीही हसायची. गावात पाटलांच्या गल्लीतून चपला हातात घेऊन जायचे दिवस तिनं काढले होते, हे मला ठाऊक होतं, म्हणून मला आणखी चीड यायची. एकदा मी चिडूनच विचारलं, "बरं, निदान तिथं तरी कशाला काढल्यास? तिथं तुला कोण सांगायला आलं होतं?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुनी नाय सांगितलं, म्हून तर काढल्या. गल्लीत काढाया लावायचे. तिथं म्या माझ्या मनानं काढल्या. माझ्या लेकाच्या कामाची जागा व्हती ती, लई साफ व्हती. चिखल कसा नेऊ?"

त्यानंतर मी तो किस्सा पुन्हा सांगितला नाही.

परवा मॅडमना पान द्यायला संस्थेत गेलो. विमानाला निळा-पांढरा चकचकीत रंग फासलाय, जो त्याला कधीच नव्हता. आत नवं जाजम घातलंय. आणि शिडीच्या पायथ्याशी पाटी, पादत्राणे बाहेर काढावीत. पाटीखाली पोराटोरांच्या चपलांचा ढीग.

मी बूट घालूनच शिडी चढायला लागलो.

"ओ बाबा, बूट!" पहारेकरी ओरडला. "पाटी दिसत नाय व्हय? साहेब मला बोलतेत."

"सांग साहेबांना, एक म्हातारा आला होता आणि त्यानं ऐकलं नाही," मी म्हणालो. गुडघे दुखत होते, तरी थांबलो नाही.

मागून चौथी रांग, मधल्या वाटेकडची सीट. कापड बदललंय, पण सीट तीच. मी बसलो. मॅडम अनवाणीच मागोमाग आल्या. माझ्या बुटांकडं त्यांनी एकदा पाहिलं. त्यांनी पान वाचलं, मग हळूच विचारलं, "काका, यातही त्या तेलाचं काही नाही. नक्की काय झालं होतं?"

"तेल नव्हतंच," मी म्हणालो. "इथं माझी माय बसली होती."

त्या पलीकडच्या सीटवर बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, जसं आत्ता लिहिलंय तसंच, फक्त थोडं जास्त चिडून. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे त्या पानात घालू या का?" मी म्हटलं, घाला, आणि इंजिनिअरच्या सहीचं पान शेजारी लावा.

मग मी वाकलो, नाड्या सोडल्या आणि दोन्ही बूट काढून सीटखाली शेजारी शेजारी ठेवले.