हळूमास्तरांचा एक प्रश्न

जव्हारच्या आमच्या व्यायामशाळेत रॉडवर प्लेटा चढवण्यापेक्षा उतरवण्यात आनंद मानणारा एकच माणूस होता. पाठीमागे सगळे त्यांना हळूमास्तर म्हणत. कोणी रॉडला हिसका दिला, की आवाज यायचाच, "हळू रे! लोखंड काय पळून जातंय?"

कॉलेज करता करता मी त्यांच्या हाताखाली प्रशिक्षक व्हायला शिकत होतो. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. वहीतलं सगळं मला पक्कं वाटायचं. वजन थोडं थोडं वाढवा, मध्ये विश्रांती द्या. मास्तर वही बघून म्हणत, "बरोबर आहे. पण आधी समोरचं माणूस वाच."

एका सोमवारी त्यांना यायला उशीर झाला. खोडाळ्याच्या रंजनाची पोलीस भरतीची मैदानी चाचणी बारा दिवसांवर आली होती. रविवारची सुट्टी झालेली, म्हणून मी वहीप्रमाणे तिच्या रॉडवर दोन्ही बाजूंना पाच-पाच किलो वाढवले. तिसऱ्यांदा उचलायला ती वाकली, ती सरळच होईना. ओठ घट्ट दाबलेले, एक हात कमरेवर.

तेवढ्यात मास्तर आले. त्यांनी तिला अलगद आडवं केलं, पायाची बोटं हलवून बघायला सांगितलं. मग माझ्याकडे वळले.

"काल हिने काय केलं?"

"काल सुट्टी होती, मास्तर."

"तुझी की हिची?"

उत्तर रंजनाने दिलं. "काल आमची आवणी होती. दिवसभर वाकून भाताची रोपं लावली." मग हळूच, "मास्तर, माझी भरती जाईल का?"

आवणीला माझी आईसुद्धा जाते. तरी रंजनाला विचारायचं मला सुचलं नव्हतं.

डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. भरती गेली. मी शिकणं सोडतो म्हणालो, तर मास्तर म्हणाले, "पळायचं नाही. ती परत आली, की तूच शिकवायचं."

ती आली. "या वेळी विचारून वजन टाका, दादा," एवढंच म्हणाली.

दिवाळीनंतर मास्तर नाशिकला मुलीकडे कायमचे राहायला गेले. एसटी सुटताना मी पाया पडायला धावलो, तर खिडकीतून ओरडले, "हळू रे!"

आता पुढची भरती जवळ आली आहे. आज सकाळी मी रंजनाला विचारलं, "काल घरी काय केलं?"

"लाकडं आणली. दोन भारे."

मी रॉडवरच्या प्लेटा काढू लागलो.

"दादा, दिवस थोडेच राहिलेत."

"म्हणूनच," मी म्हणालो, आणि दुसऱ्या बाजूचीही उतरवली.