'पानी' म्हणणारी मुलगी

बोळिंजच्या आमच्या सोसायटीत माझी नऊ वर्षांची मुलगी संध्याकाळी खाली खेळायला जाईनाशी झाली. विचारलं की पोट दुखतं म्हणायची. एकदा टीव्ही बंद करून मी तिच्याजवळ नुसतीच बसून राहिले. तेव्हा तिने सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी तिची बाटली हिसकावून घ्यायची. "आधी नीट 'पाणी' म्हण, मग देते." माझं माहेर मिठागराकडच्या गावातलं. तिथे आणि आमच्या घरातही सगळे 'पानी'च म्हणतात. तिच्या तोंडून तेच यायचं. बाकीच्या मुली हसायच्या आणि बाटली झाडांत रिकामी व्हायची.

माझं डोकं फिरलं. तशीच वर गेले. दार त्या मुलीच्या आईने उघडलं. मी सगळं सांगितलं.

"अहो, मुलं आहेत. चेष्टामस्करी चालायचीच," ती म्हणाली. "आणि तुम्हीच घरी शुद्ध बोला ना. 'पानी, लोनी, कोन आला'..." तिने माझीच नक्कल करून दाखवली. मागे सोफ्यावर तिची मुलगी खुदकन हसली.

"ही कुठे शिकली ते कळलं," मी म्हणाले. "तिच्यासमोरच सांगते. हे आता मी सगळ्या आयांना सांगणार."

तिने दार तोंडावर लावलं.

दुसऱ्या दिवसापासून मी खेळाच्या वेळी खाली बाकावर बसू लागले. सेक्रेटरी आले. "वहिनी, मुलांच्या भांडणात मोठ्यांनी पडू नये."

"एकीला सगळ्या मिळून घेरतात, त्याला भांडण नाही म्हणत."

बायकांच्या ग्रुपवर मी घडलं ते लिहिलं, कुणाचं नाव न घेता. लिफ्टपाशी दोघी मला बघून बोलायच्या थांबल्या. मग हसणाऱ्यांपैकी एकीची आई मुलीला घेऊन बाकापाशी आली.

"मी हिला विचारलं. हसली नसती तर पुढची पाळी हिची होती म्हणे. म्हणून हसत होती."

ती मुलगी माझ्या मुलीशेजारी उभी राहू लागली, तशा इतरही तिच्या बाजूला सरकल्या. बाटली हिसकावणं थांबलं.

"मम्मी, मी 'पाणी' म्हणू का आता?" मुलीने विचारलं.

"तुला वाटेल ते म्हण. कुणाला घाबरून नको."

मुली पुन्हा एकत्र खेळतात, ती तिसऱ्या मजल्यावरचीसुद्धा. तिची आई आणि मी बोलत नाही. समोर आली की ती मान फिरवते. मीही फिरवते, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.