डावीकडून आलेली शाल

सरकारी कचेऱ्यांवर पहारा देणाऱ्यांच्या गौरवाचा ठराव विधानसभेनं केला आणि तालुक्याला सत्कार ठरला. कचेरीचा चौकीदार असलेल्या माझ्या नवऱ्यानं गणवेशाला इस्त्री केली. मी म्हटलं, "अजी, कायले जाता? शाल देनारा कोन हाय ते तं पाहा."

देणारे त्याच कचेरीतले जुने साहेब होते, आता मोठ्या हुद्द्यावर चढलेले.

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांतली गोष्ट. मोर्चा आला, लोकांनी कचेरीच्या दारात कापूस ओतून पेटवला. साहेबांनी लोखंडी गेटला आतून कुलूप घालून घेतलं. नवरा बाहेरच राहिला. तो गेट हलवून हाका मारत होता, आतून कुणी आलं नाही. दगड डाव्या डोळ्यावर बसला. यवतमाळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत डोळा गेला होता. दगड मारणारे आमच्याच भागातले. त्यातले दोघं नंतर घरी येऊन रडले, त्यांना मी चहा पाजला. साहेबांना मात्र रोज भाकरी थापताना शिव्या घातल्या. नवरा म्हणायचा, "सोड नं वं." मी का सोडू?

सत्कार जोडीनं होता, म्हणून मीही मंचावर. साहेब भाषणात म्हणाले, "हे लोक डोळ्यात तेल घालून राखण करतात." एकाच डोळ्यात घालायचं, तेवढीच तेलाची बचत, मी मनात म्हटलं. मग म्हणाले, "मोर्चाच्या दिवशी मी आणि हे खांद्याला खांदा लावून उभे होतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्यानं मुकाट्यानं शाल घेतली, की हे खोटं कायमचं खरं होणार होतं.

चारचौघांत मी त्याच्या डाव्या हाताला उभी राहते. तिकडून कुणी आलं की कोण ते हळूच सांगते, मग तो वळून जयभीम करतो. साहेब डावीकडूनच आले. मी तोंड मिटून घेतलं.

साहेब शाल पसरून ताटकळले. नवरा समोरच बघत होता. लोक खुसखुसायला लागले. शेवटी साहेबच म्हणाले, "अहो, मी इकडे आहे."

"कोन व्हय वं?" नवऱ्यानं सवयीनं मला विचारलं.

माईक समोरच होता. "गेटले कुलूप लावून तुमाले बाहेर ठेवनारा," मी म्हटलं.

नवरा सावकाश वळला. मान वाकवली नाही. म्हणाला, "साहेब, माह्या हाका आयकू आल्या होत्या का तुमाले?"

साहेबांनी शाल खुर्चीवर ठेवली आणि ते खाली उतरले. मला फार बरं वाटलं. अजूनही वाटतं.